मिस्टरांची दाढ

"कुणासाठी आहे ओ वहिनी ही?"

मेडिकलवाल्या भाऊंनी एवढंच विचारलं होतं. एका हातात दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हाताचं बोट चिठ्ठीतल्या दुसऱ्या ओळीवर. एप्रिलची दुपार होती, सांगलीच्या गणपती पेठेत ऊन मी म्हणत होतं, आणि माझा डावा गाल, ओठाचा कोपरा आणि अर्धी जीभ भुलेच्या इंजेक्शननं पार परकी झाली होती. मागं दोघंजण उभे होते. त्यातले एक आमच्या पतसंस्थेचे ठेवीदार, दर महिन्याला व्याज न्यायला माझ्याच टेबलाशी येतात. मी म्हणाले, "मिस्टरांसाठी." म्हणजे म्हणायचं ते होतं, तोंडातून निघालं ते "मिश्तलांशाथी". दाढेखाली कापसाचा बोळा होता अजून. भाऊंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, चिठ्ठीवरच्या नावाकडं पाहिलं (नाव अर्थातच माझं होतं) आणि चष्मा वर सारत म्हणाले, "मिस्टरांना असेल तर चालतंय. तुम्हाला असती तर आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा म्हणालो असतो." मग गोळ्या पिशवीत घातल्या, सुट्टे परत दिले. पदर तोंडाशी धरून मी रिक्षात बसले.

तासाभरातली ती माझी दुसरी थाप होती.

पहिली दवाखान्यात मारली होती. विश्रामबागकडचा नवा दवाखाना, कोपऱ्यात माशांची टाकी, एसीचा गारवा, आणि लवंगेच्या तेलाचा तो वास. दातांच्या दवाखान्यात तो वास आला नाही तर डॉक्टर आलेत की नाही अशी शंका येते मला. काउंटरवरच्या मुलीनं पुठ्ठ्याला अडकवलेला फॉर्म हातात दिला. नाव, वय, साखर, बीपी, हृदयविकार, कशाची ॲलर्जी. सगळं भराभर लिहीत गेले. फॉर्म भरणं आणि भरून घेणं हे माझं रोजचं काम. सगळ्यात खाली 'सध्या चालू असलेली औषधे' आणि पुढं चांगली दोन ओळी टिंबं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचा डोळा माझ्या कागदावर होता, किंवा मला तसं वाटलं. मी लिहिलं, 'नाही'. वर पूर्णविरामही दिला.

अकरा वर्षं रोज रात्री जेवणानंतर मी लिथियम घेते. आजाराचं नाव बायपोलर, म्हणजे मन कधी उधाणतं, कधी पार खचतं. आमच्याकडं त्याला नाव नाही, 'डोक्याची गोळी चालू आहे' एवढ्यात सगळं बसतं. गोळी म्हणजे तरी काय, जमिनीतून निघणाऱ्या एका धातूचा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी तो उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिला आणि गुण आला. असल्या क्षारावर कुणाची मक्तेदारी चालत नाही, म्हणूनच की काय, ती गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळते. माझ्या आजारपणातली सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच. महाग पडतं ते तिच्या अवतीभवतीचं. डॉक्टरांची फी, झोपेसाठीची दुसरी गोळी, दर काही महिन्यांनी रक्तातली लिथियमची लेव्हल, थायरॉइड, क्रिएटिनिन, अर्ध्या दिवसाची रजा. शिवाय त्या रजेचं कारण. माझे डोक्याचे डॉक्टर मिरजेत, आणि मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटलवाल्या वानलेस साहेबांपासूनचं दवाखान्यांचं गाव. 'मिरजेला दाखवलं' हे आमच्याकडं जरा तोऱ्यातच सांगतात, किडनी असो, गुडघा असो. मी मात्र 'डोळे दाखवायला जाते' असं सांगत आले. अकरा वर्षांत इतके डोळे तपासून झालेत की एव्हाना मला भिंतीपलीकडचं दिसायला हवं होतं.

भाऊंशी थाप मारली त्याचं जास्त लागलं, त्यालाही कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा आम्ही नेसत्या कपड्यांनिशी नणंदेकडं गेलो. कागदपत्रं घेतली, देव घेतले, मुलाची पुस्तकं घेतली. गोळ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात राहिल्या. आठ-नऊ दिवस गोळी नाही. पाणी उतरल्यावर पेठेत आले तर भाऊ दुकानातली औषधांची भिजलेली खोकी रस्त्यावर ओढून टाकत होते. गुडघाभर चिखल, त्याचा तो आंबूस, पोटात ढवळून आणणारा वास, जो त्या महिनाभर सगळ्या सांगलीला येत होता. मला बघितल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. "उद्या या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मिरजेहून आणलेल्या दोन स्ट्रिपा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. पैसे? "असू दे, मागनं बघू. माझं दुकान कुठं पळून जातंय, गेलं तर पाण्यातनं जाईल." तेव्हापासून माझी गोळी ते कायम कागदात गुंडाळूनच देतात. आजाराचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, मीही नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली, पण मी त्याआधीच घसरले होते. एरवी माझं खचणं घरात लगेच ओळखू येतं. त्या वर्षी सगळं गावच खचलेलं. शेजारच्या काकू भिंतीवरची पाण्याची रेघ बघून रडायच्या, समोरच्या दुकानदाराला तर तीन महिने झोप नव्हती. त्यात मी अंथरुणातून उठत नाही याचं कुणाला नवल वाटावं? दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या सहा-सात महिन्यांत मी दात किती वेळा घासले असतील ते बोटांवर मोजता येईल. हे लिहायला लाज वाटते. आंघोळ केली नाही हे सांगता येतं, जेवले नाही हे तर सहानुभूतीनं ऐकतात, पण दात घासले नाहीत म्हटलं की ऐकणारा किंचित मागं सरकतो. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. सकाळी साडेआठला निघण्याआधी ते माझ्या ब्रशवर पेस्ट लावून बेसिनच्या कडेवर आडवा ठेवून जायचे. संध्याकाळी यायचे, शर्टाच्या कॉलरला, नखांच्या कडांना हळद, अंगाला तो उग्र गोडसर वास. बेसिनवर ब्रश तसाच. पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, वर एक बारीक भेग. ते ती अंगठ्यानं खरवडायचे, ब्रश नळाखाली धरायचे, उलटा करून पेल्यात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी पेस्ट. अंथरुणातून मला मोरीचा तो कोपरा दिसायचा. त्या पांढऱ्या ठिपक्याचा मला राग यायचा. परवा कधीतरी त्यांना विचारलं, तेव्हा काही बोलला कसा नाहीत हो? तर म्हणाले, "आईला सकाळी उठल्या उठल्या मिश्री लागायची. तव्यावर भाजून, पूड करून, डबी मीच नेऊन द्यायचो. तसंच वाटायचं."

मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मी सावरले तेव्हा दातांचे दवाखाने बंद होते.

सगळा दोष त्या महिन्यांवर टाकून मोकळं होता आलं असतं, पण तसं नाही. या गोळ्यांनी माझं तोंड कोरडं पडतं. रात्री दोनला जाग येते तेव्हा जीभ टाळूला अशी चिकटलेली असते की बोटानं सोडवावी लागेल. पतसंस्थेत दिवसभर बोलायचं काम, त्यामुळं ड्रॉवरमध्ये लिमलेटच्या गोळ्यांची पुडी असायची. गालात एक धरली की तोंड ओलं राहायचं. एक संपली की दुसरी. सहकाऱ्यांना वाटायचं, मी गोडखाऊ. लाळ हीच दातांची राखणदार असते, खाल्ल्यानंतर तोंडात जे आम्ल तयार होतं ते तीच धुऊन टाकते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. राखणदार रजेवर, आणि मी दिवसभर साखरेचं पाणी दातांच्या मुळाशी घालत बसलेली. कीड लागली तीही हिरड्यांच्या कडेनं, आरशात सहज दिसणार नाही अशी. डोकं ताळ्यावर ठेवणारी गोळी तोंड वाळवते, तोंड वाळू नये म्हणून घेतलेली गोळी दात खाते. दोन्ही गोळ्याच.

आणि मग यंदा मार्चमध्ये कृष्णेच्या घाटावर भडंग खाताना कटकन आवाज झाला. मला वाटलं, करपलेला शेंगदाणा. जिभेनं चाचपलं तर डाव्या बाजूच्या खालच्या दाढेची आतली भिंत गायब, आणि जिभेला नुसती धार. तो तुकडा मी हातावर घेऊन पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं भिजलेल्या लाकडासारखा तपकिरी. पलीकडं आयर्विन पुलावर दिवे लागत होते. मिस्टरांनी विचारलं, काय झालं? मी तुकडा रुमालात बांधला आणि "काही नाही" म्हणाले. तशी मी पक्की थापाडी आहे, हे लिहिता लिहिता ध्यानात येतंय.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्या रात्री दाढ जी ठणकायला लागली, त्या दुखण्याचं मला आत कुठंतरी बरं वाटलं. गल्लीतल्या काकूंनी लवंगा आणून दिल्या, नणंदेनं फोन करून हिंग भरायला सांगितलं, मॅनेजरांनी स्वतः म्हटलं, जा, आज घरी जा. सासूबाईंनी (मिश्रीनं काळे झालेले त्यांचे दात जाऊन आता वर-खाली कवळी आहे) माझ्यासाठी भाकरी आमटीत कुस्करून ताट झाकून ठेवलं. पुराच्या वर्षी मी महिनोन्‌महिने पडून होते, तेव्हा 'मन कशाततरी रमव' यापलीकडं मला कुणी काही आणून दिल्याचं आठवत नाही. दाढदुखीत मात्र माझे लाड झाले. गालाला हात लावून बसलं की कुणी पुरावा मागत नाही. ते लाड मी चार दिवस पुरवून घेतले, आणि त्यामुळंही दवाखान्यात जायला उशीर झाला.

डॉक्टर तरुण होते, हात हलका होता. आरसा तोंडात फिरवत ते काउंटरवरच्या मुलीला आकडे सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मग खुर्ची वर उचलत त्यांनी विचारलं, "एवढे दिवस काय करत होता?" रागानं नाही, सहज. माझ्याकडं खरं उत्तर होतं, पण तोंडात सक्शनची नळी होती. नंतर पॅडवर त्यांनी हिशेब मांडला. तीन दाढांचं रूट कॅनाल, एकेकीचे ४,५००. त्यावर कॅप, ५,००० ची एक. आणि चार दातांना सिमेंट, १,२०० प्रमाणे. खाली रेघ, ३३,३००. माझा पगार १६,५००. बेरीज मी त्यांच्या आधी केली होती. "काढून टाकली तर सहाशेत होईल," ते म्हणाले, "पण तुमचं वय बघता वाचवावी." दातावर मारायला पैसा नाही म्हणतात, त्या म्हणीचा अर्थ मला शाळेत कधी नीट कळला नव्हता. दातावर पैसा कशाला मारायचा? आता त्या खुर्चीत आडवं पडून कळला.

स्वस्तातले रस्तेही पाहिले, नाही असं नाही. डेंटल कॉलेजात जवळजवळ निम्म्यात होतं, मुलं मन लावून करतात, पण प्रत्येक टप्प्याला मोठ्या सरांची सही लागते. एका दाढेला पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला अर्धा दिवस. तीन दाढांना रजा किती, आणि मिरजेच्या 'डोळ्यां'ना काय उरणार? सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसले, तिथं माझ्या पुढच्या तीनही बाया दाढ काढून, गालाला रुमाल लावून बाहेर पडल्या. त्यांतली एक माझ्याहून लहान होती. विम्याचंही पाहून झालं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा. धरतातही, पण आमच्या पॉलिसीत भरती झालात तर. घरी बसून रोज गोळी घेऊन भरती व्हायची वेळ न आणणाऱ्याला काही नाही. आणि दात? अपघातात पडले तरच. म्हणजे डोक्यासाठी ॲडमिट व्हा आणि दातांसाठी एसटीखाली या. शेवटी आमच्याच पतसंस्थेतून कर्ज काढलं. 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहिलं. तशी ती अगदीच थाप म्हणता येणार नाही.

तर मिस्टरांसाठी म्हणून आणलेली ती गोळी मी घेतली. सकाळ-संध्याकाळ, डायक्लोफिनॅक. दाढ शांत झाली. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, ते उन्हाळ्यावर गेलं. चौथ्या दिवशी चहाची बशी उचलली तर कप बशीवर नुसता वाजायला लागला, खड्‌खड्‌खड्. दुपारी एका आजीबाईंच्या पासबुकात नोंद करताना पाचाचा आकडा कागदावरून घसरत खाली गेला. बाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं. मी पेन बदललं, जणू पेनाचंच काहीतरी बिनसलं होतं. संध्याकाळी घराच्या तीन पायऱ्या चढताना एसटीत उभं राहिल्यासारखं झोकांडत होते. मिस्टरांनी मिरजेला फोन लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "दुखण्यावर काही घेतलंय का?"

लिथियम किडनीतून बाहेर पडतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या किडनीला ते नीट बाहेर टाकू देत नाहीत, रक्तात साठत जातं. माझी लेव्हल एरवी ०.७ च्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी आली १.४. दीडच्या पुढं गेलं की काळजीचं. वेदनाशामक तिथल्या तिथं बंद, लिथियमही दोन दिवस बंद, पाणी भरपूर. ठणकलंच तर पॅरासिटामॉल. "हे मी तुम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. सांगितलं होतं. छापील कागदही दिला होता. तो फडताळात होता आणि कृष्णा घेऊन गेली, असं म्हणायची सोय आहे. पण तो मी त्याआधीच लक्ष्मीपूजनाच्या आवराआवरीत बारीक फाडून टाकला होता. पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून.

पुढच्या सिटिंगला काउंटरवर गेले आणि फॉर्म परत मागितला. 'नाही' वर आडवी रेघ मारून दोन्ही गोळ्यांची नावं, डोस, सगळं लिहिलं. टिंबं पुरली. मुलीनं वाचलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा मोठ्यानं आणि एकेक शब्द तोडून बोलते. "काकू, — इथं — बसा — हां." मी बहिरी झाले नाही गं, असं प्रत्येक वेळी ओठांवर येतं. डॉक्टरांनी कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनानं 'लिथियम' लिहून भोवती गोल केला. थोडं ओरडलेही, आधी सांगायचं नाही का म्हणून. मला शरम वाटली आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी, गाल बधिर असताना. मग मात्र त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि लाळेचं, लिमलेटचं सगळं समजावलं. घोटघोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, फ्लोराइडची पेस्ट, तीही रात्री नक्की. पैसे चार हप्त्यांत चालतील म्हणाले. आताशा मशीन लावताना ते तीन-तीनदा विचारतात, "ठीक आहे ना? घाबरायचं नाही." पूर्वी एकदाच विचारायचे. ही माया समजायची की भीती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊंकडं जायचं मात्र मी टाळत होते. दोन महिने लिथियम मिरजेतूनच घेतलं. मागच्या शनिवारी मिस्टर बरोबर होते, त्यांना दुकानातून काहीतरी घ्यायचं होतं, मीही मागोमाग गेले. शनिवारची गर्दी होती. भाऊंनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं आणि मिस्टरांना विचारलं, "काय साहेब, दाढ काय म्हणते?"

मिस्टरांना मी दुकानातल्या त्या थापेचं काही सांगितलेलं नव्हतं. ते क्षणभर भाऊंकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. आणि त्यांचा हात हळूच वर गेला, हळदीची नखं डाव्या गालावर टेकली. "ठणकते अजून," ते म्हणाले. "अधनंमधनं."

भाऊंनी गंभीरपणे मान हलवली. मागं कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मिस्टरांचा हात गालावर तसाच.

"माझी आहे दाढ," मी म्हणाले. "डावीकडची, खालची. ती गोळी मीच खाल्ली होती."

"होय की," भाऊ म्हणाले आणि लिथियमच्या स्ट्रिपा काढायला मागं वळले. "मग पॅरासिटामॉल एक पाकीट देऊ का दोन?"